खुणांची वही आणि मी केलेली साफसफाई

सकाळी सव्वासहाला माझा फोन वाजतो. पाच वर्षं झाली, वाजतोच आहे. बायको कूस बदलून म्हणते, "घे, अक्का उठल्या." पहिल्या वर्षी तो फोन मी दातओठ खात उचलायचो. आता आधी गॅसवर कॉफीचं पाणी ठेवतो आणि मग उचलतो, कारण कॉफी होईपर्यंत अक्कांचं बोलणं संपत नाही हे मला पाठ झालंय.

अक्का म्हणजे बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या एका जुन्या लाँड्रीच्या मालकीणबाई. वय पासष्टच्या पुढं. घराणं मराठी, पण बंगळूरला नेमकं कधी आलं हे त्यांच्या सासऱ्यांनाही माहीत नव्हतं म्हणतात. त्यामुळं त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असतं. मी निपाणीचा, दोन्ही भाषा बोलणारा, आणि तेवढ्याच भांडवलावर त्यांनी मला काम दिलं. शिक्षण काय, अनुभव किती, आधी कुणाकडं केलं, यातलं काही विचारलं नाही. "बोललेलं कळतंय तुला, सरी, ठीक आहे, कर सुरू," म्हणाल्या आणि लाँड्रीचा सगळा कारभार कॉम्प्युटरवर आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

ते काम मला टिकवायचंच होतं. त्याचं कारण सांगायला हवं. मी नोकरी सोडून वर्ष होत आलं होतं. ऑफिस के. आर. पुरमच्याही पलीकडं आणि घर जे. पी. नगरला, म्हणजे रोजचे चार तास रस्त्यावर. घरी पोचेपर्यंत मुलगी झोपलेली असायची. रविवारी ती माझ्याकडं पाहुणा आल्यासारखी बघायची. म्हणून नोकरी सोडली आणि घरी बसून कंत्राटावर सॉफ्टवेअर लिहायला लागलो. ते जगणं मला फार मानवलं. दुपारी तिला शाळेतून आणायचं, येताना दोघांनी पेरू घ्यायचा, ती गृहपाठाला बसली की शेजारी मी माझ्या गृहपाठाला बसायचं.

अडचण एकच, माझा स्वभाव. नोकरीत गिऱ्हाईक आणि आपल्यामध्ये एखादा मॅनेजर असतो. तो दोन्हीकडचं तिखट गाळून पुढं पाठवतो. कंत्राटात असं कुणी नसतं. पहिलं काम मी एका दवाखान्याचं घेतलं आणि त्यांच्या डॉक्टरांना पत्रात लिहिलं, की मी तुम्हाला ऑपरेशन शिकवत नाही, तुम्ही मला स्क्रीन शिकवू नका. ते काम तिथंच संपलं. दुसऱ्या गिऱ्हाइकाशी तर मी फोनवरच भांडलो. बायको पुण्याची, एका सरकारी संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. मोजकं बोलते, पण हिशेबानं बोलते. तिनं सांगितलं, "हे तिसरं. हेही भांडून किंवा घोळ घालून घालवलंस, तर मुकाट्यानं जुन्या ऑफिसला फोन करायचा. मी चेष्टा करत नाहीये." मी कबूल झालो.

आणि तिसरं गिऱ्हाईक निघालं अक्का.

अक्कांना ईमेल चालत नसे. काय हवंय ते त्या आवाज रेकॉर्ड करून पाठवायच्या, मागून इस्त्रीच्या वाफेचा फुस्स आवाज आणि मधेच कुणाला तरी दिलेली शिवी. नको असलेल्या गोष्टी त्या ठणकावून सांगायच्या, हव्या असलेल्या मात्र सांगता यायच्या नाहीत. "हे नाही" हे त्यांचं आवडतं वाक्य. मग काय हवंय, असं विचारलं की म्हणायच्या, "ते तू कर. केलंस की सांगते, तेच की ते नाही." स्क्रीनचा हिरवा रंग सहा वेळा बदलला. छापील पावती दाखवायला गेलो तर त्यांनी ती उलटसुलट केली आणि विचारलं, "ह्याला भोक कुठंय?"

"कसलं भोक, अक्का?"

"दोरा ओवायला. गाठोड्याला पावती बांधायची कशी? तुझ्या डोक्याला बांधू काय?"

प्रिंटर भोक पाडत नाही हे समजावण्यात एक अख्खी सकाळ गेली. शेवटी मी शिवाजीनगरच्या बाजारातून कागदाला भोक पाडायचं यंत्र विकत घेतलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. "आता सॉफ्टवेअर बरं झालं," म्हणाल्या. मी हसलो नाही, पण भांडलोही नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "प्रगती आहे."

दुकानात अक्कांच्या खालोखाल मान होता मेस्त्रींचा. चाळीस वर्षं तिथं काम केलेला, बारीक अंगाचा, कानडी बोलणारा माणूस. त्यांचं काम खुणांचं. लाँड्रीत येणाऱ्या प्रत्येक कपड्यावर, शर्टाच्या कॉलरच्या आतून किंवा साडीच्या कोपऱ्यात, त्या त्या घराची एक बारीक खूण असते. उभी रेघ आणि तिला दोन आडव्या, त्रिकोणात फुली, अशा. पूर्वी त्या बिब्ब्याच्या रसानं काढायचे आणि वर चुना लावायचे, म्हणजे कितीही धुतलं तरी जात नसे. मेस्त्रींच्या बोटांवर त्या बिब्ब्याचे काळे व्रण अजून आहेत. आता पक्क्या शाईचं पेन असतं. इस्त्री झालेला कपडा मेस्त्री हातात घ्यायचे, खूण बघायचे आणि भिंतीतल्या शेकडो खणांपैकी बरोबर त्या घराच्या खणात टाकायचे. बघायचे म्हणजे काय, बघितल्यासारखं करायचे. हाताला सगळं ठाऊक होतं.

या सगळ्या खुणा एका जाडजूड वहीत होत्या. प्रत्येक घराचं नाव, पत्ता आणि शेजारी हातानं काढलेली खूण. ती वही मी घरी आणली, पानापानाचे फोटो काढले आणि त्यातून प्रत्येक खूण वेगळी काढून कॉम्प्युटरवर चढवली. वहीची अवस्था काय वर्णावी! चहाचे डाग, शाईचे शिंतोडे, झुरळांनी ठेवलेल्या आठवणी. मी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला, ठरावीक मापापेक्षा बारीक जे काही असेल ते पुसून टाकणारा. पानं अशी लख्ख झाली की मी मुलीला बोलावून दाखवली.

साफ झाल्यावर दिसलं की वहीत बरीच घरं दोन-दोनदा लिहिली आहेत. खूण तीच, आडनाव तेच, बहुतेक वेळा गल्लीही तीच. आमच्या धंद्यात एकच गोष्ट दोनदा दिसली की हात शिवशिवतात. मी ती सगळी घरं एकत्र केली, शंभरावर नोंदी कमी केल्या आणि अक्कांना फुशारकीनं सांगितलं, "तुमच्या वहीत एकेक गिऱ्हाईक दोनदा लिहिलंय. मी साफ केलं."

"दोनदा कसं असेल रे? स्वल्प बघ परत," अक्का म्हणाल्या. पण त्याच फोनवर त्यांनी हिरवा रंग, पावतीवरचा गणपती आणि माझी फोन उचलायची पद्धत यांवरही तक्रार केली होती. जी बाई सगळ्यालाच नाही म्हणते तिचं एक नाही वेगळं कसं ओळखायचं? मी "बघतो" म्हणालो आणि बघितलं नाही.

एका सोमवारी काम सुरू झालं. नवी पद्धत सोपी होती. मेस्त्रींसमोर एक टॅब्लेट. त्यांनी कपड्यावरची खूण बघायची, स्क्रीनवर तीच खूण शोधून दाबायची, की खणाचा नंबर येतो आणि पावतीत तो कपडा चढतो. मेस्त्री जरा बिचकत होते. "सर, माझं चुकलं तर?" त्यांनी विचारलं. मी मोठ्या प्रेमानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "काळजी करू नका, मेस्त्री. कॉम्प्युटर चुकत नाही. तुम्ही फक्त खूण दाबा आणि तो सांगेल त्या खणात टाका."

गुरुवारी सकाळी सव्वासहाच्या फोनवर अक्का ओरडल्या नाहीत, आणि तेव्हाच मला काहीतरी बिनसल्याचं कळायला हवं होतं. "तीन दिवस कपडे चुकीच्या घरी जाताहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मेस्त्रींचे डोळे गेले रे. चाळीस वर्षं झाली, किती चालतील? सोमवारपासून घरी बसा म्हणून सांगणार मी. दुसऱ्या कुणालाही जमेल असं कर तुझं ते. आज ये."

मी शिवाजीनगरला उतरून दुकानात पोचलो तेव्हा काउंटरवर दोन म्हातारे भाऊ भांडत होते. एकाच बंगल्यात थोरला वर आणि धाकटा खाली राहतो, कोर्टात केस चालू, बोलणं बंद. थोरल्याच्या घरचं गाठोडं खाली गेलं होतं आणि त्यात त्यांच्या आईची विणलेली चादर निघाली होती. ही चादर आपल्याकडं नाही, असं थोरल्यानं वाटणीच्या वेळी देवावर हात ठेवून सांगितलं होतं. धाकट्यानं ती चादर झेंड्यासारखी धरली होती. बोलणं बंद असल्यामुळं दोघंही सगळं अक्कांना उद्देशून बोलत होते, आणि अक्का एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होत्या. दुसरी कुठलीही वेळ असती तर मी खुर्ची ओढून बसलो असतो.

ते गेल्यावर अक्का मेस्त्रींकडं वळल्या. मेस्त्री चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत उभे होते, मान खाली. अक्कांनी एक पांढरा शर्ट माझ्यासमोर धरला. "हे बघ. खुणेखाली एवढा ठिपका आहे. मला म्हातारीला दिसतोय. ह्यांना दिसत नाही."

"कसला ठिपका, अक्का?"

"धाकट्याचा! अय्यो, कसला काय विचारतोस?" त्या वैतागून सांगायला लागल्या. घर फुटलं की खूण थोरल्याकडं राहते. धाकट्याला तीच खूण आणि खाली एक ठिपका. तिसरा असला तर त्याला दोन ठिपके. नवी खूण द्यायची नाही, कारण भांडले तरी घर एकच ना. ही त्यांच्या सासऱ्यांनी घातलेली पद्धत.

मी मागच्या बाजूला, इस्त्रीच्या टेबलांपलीकडच्या बाकावर जाऊन बसलो आणि लॅपटॉप उघडला. वहीच्या पानाचा मूळ फोटो काढला. खूण, आणि तिच्याखाली स्पष्ट, गोल, काळजीपूर्वक दिलेला ठिपका. शेजारी माझी लख्ख केलेली खूण. ठिपका नाही. पुढच्या पानावर तेच, त्याच्या पुढच्याही पानावर तेच. ज्या भावांना या दुकानानं नीट वेगळं ठेवलं होतं, त्या सगळ्यांना मी एका दुपारी परत एकत्र कुटुंबात घातलं होतं. मेस्त्रींना ठिपका दिसत नव्हता, कारण स्क्रीनवर तो नव्हताच.

दुरुस्तीला तासभर पुरला असता. कुणाला कळलंही नसतं. मी काही संत नाही. चांगली दहा मिनिटं मी गप्प राहण्याच्या बाजूनं विचार केला. मेस्त्रींचं वय झालंच आहे. आज ना उद्या घरी बसणारच होते. अक्का त्यांना रिकाम्या हातानं पाठवणार नाहीत. आणि मी बोललो तर हे तिसरं काम गेलं, परत के. आर. पुरमचा रस्ता, परत झोपलेली मुलगी. हे सगळं मी मनातल्या मनात इतकं व्यवस्थित मांडलं की माझी मलाच शिसारी आली.

तेवढ्यात मेस्त्री माझ्या बाकाशी आले. अक्कांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू, कन्नडमध्ये म्हणाले, "सर, त्या स्क्रीनवरच्या खुणा आणखी जरा मोठ्या करता येतील का? म्हणजे मला अजून थोडे दिवस निभावता येईल."

मी उठलो. तसाच लॅपटॉप घेऊन काउंटरवर गेलो आणि म्हणालो, "अक्का, चूक मेस्त्रींची नाही. माझी आहे." आणि दोन्ही खुणा शेजारी शेजारी दाखवल्या.

अक्कांनी दोन्ही खुणांवर आळीपाळीनं बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे ह्यांनी ठिपका शोधला, आणि तो तू पुसलेला?"

"हो."

"मी तुला फोनवर बोलले होते. दोनदा कसं असेल म्हणून."

"बोलला होता. मी बघितलं नाही."

एरवी इथं मी काहीतरी जोडलं असतं. वहीच खराब होती, पद्धत मला कुणी सांगितली नव्हती, असं बरंच काही जिभेवर होतं आणि ते खरंही होतं. मी ते गिळलं. आयुष्यात पहिल्यांदाच गिळलं असावं, कारण घशाला टोचलं. मग अक्का सुरू झाल्या. मराठी संपल्यावर कन्नड, कन्नड संपल्यावर तमिळ. तमिळ मला येत नाही, पण काही कळायचं राहिलं असं वाटलं नाही. इस्त्रीवाले इस्त्र्या उभ्या करून ऐकत होते. बोलून दमल्यावर त्यांनी त्याच इस्त्रीवाल्यांसमोर मेस्त्रींना पुढं बोलावलं आणि सांगितलं, "तुमचं चुकलं नव्हतं. ह्याचं चुकलं." माफ करा वगैरे त्यांच्या तोंडात बसत नाही. पण स्वतःची खुर्ची त्यांनी मेस्त्रींकडं सरकवली आणि त्यांना बसायला लावलं.

"मी निघू का मग?" मी विचारलं.

"कुठं?"

"नाही, म्हणजे... काम..."

"आणि दुसरा आणून त्याला हे सगळं मी पहिल्यापासून सांगत बसू? रंग, पावती, भोक? तेवढा जीव नाही माझ्यात." त्यांनी वही उचलून माझ्यापुढं आपटली. "उद्यापासून आठ दिवस मेस्त्रींच्या बाजूला बसायचं. ते दाखवतील, तू एकेक ठिपका हातानं घालायचा. यंत्रानं नाही. हातानं."

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं, आणि जुन्या ऑफिसचा विषय त्यानंतर आमच्या घरात निघाला नाही. मुलीला शाळेतून आणायचं काम अजून माझ्याकडंच आहे. मात्र आता ती दहा पावलं पुढं चालते, मैत्रिणींना दिसू नये म्हणून.

ते आठ दिवस मी इतक्या आनंदात काम केलं की मला माझंच नवल वाटलं. सकाळी नऊला मेस्त्री आणि मी वही घेऊन बसायचो. ते खुणेवर बोट ठेवायचे आणि त्या घराची गोष्ट सांगायचे. ही त्रिकोणाची फुली म्हणजे बेकरीवाले, चौघं भाऊ, म्हणून तीन ठिपक्यांपर्यंत गेलीय. हिचा ठिपका खोडलाय बघा, कारण दोघं परत एकत्र आले. हा ठिपका जरा लांब आहे, कारण भांडण मोठं होतं. शेवटचं खरं की चेष्टा हे मला आजही माहीत नाही. मी प्रत्येक ठिपका स्क्रीनवर ठेवायचो आणि टॅब्लेट त्यांच्यासमोर धरायचो. ते मान हलवायचे, की पुढची खूण. अकरा वाजता अक्का इडली पाठवायच्या आणि वर "झालं काय?" म्हणून ओरडायच्या. इतकी वर्षं सॉफ्टवेअर लिहिलं, पण ते वापरणाऱ्याच्या शेजारी इतका वेळ मी कधी बसलो नव्हतो.

शेवटच्या दिवशी मी त्यांना विचारलं, "मेस्त्री, कपड्यावरचा ठिपका तुम्हाला दिसत होता ना? मग स्क्रीनवर तो नाहीये, असं तुम्ही अक्कांना का नाही सांगितलं?"

"तुम्ही म्हणाला होता ना, कॉम्प्युटर चुकत नाही," ते म्हणाले. आवाजात राग अजिबात नव्हता. "मग स्क्रीनवर ठिपका असणारच, मलाच दिसत नाही, असं झालं ना सर? मी चष्मा पुसला, काच पुसली, उजेडात नेऊन बघितलं. म्हटलं, संपलं. हेच दिसत नाही, तर आणखी काय काय दिसत नसेल आपल्याला?"

मग ते जरा हसले. "ते तीन दिवस नातीला शिकवणीहून घेऊन घरी जाताना रस्ता ओलांडायला मी तिचा हात धरत होतो. ती सात वर्षांची आहे."

एवढं सांगून त्यांनी पुढच्या खुणेवर बोट ठेवलं आणि माझी वाट बघत बसले. मला तो ठिपका ठेवायला बराच वेळ लागला.